शुगर आणि खांद्याचा काय संबंध? मधुमेहात 'फ्रोजन शोल्डर' का होतो, समजून घ्या

नऊवारीचा कासोटा खोचायला हात मागे जात नाही. वेणी घालताना हात कानापर्यंत येतो आणि तिथंच अडतो. एसटीत वरची दांडी धरायची म्हटलं तरी कळ मानेपर्यंत जाते, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की झोप मोडते. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसानं अशी तक्रार केली की घरातलं निदान तयार असतं: 'खांदा धरलाय', 'वात आहे', 'झोपेत अवघडला असेल'. मग तेल येतं, शेक येतो, मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी येते. रक्तातली साखर तपासावी, हे मात्र क्वचितच कुणाला सुचतं.

खरं तर तेच आधी सुचायला हवं. २०१६ मध्ये संशोधकांनी तोवरच्या अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. मधुमेह असलेल्यांपैकी सरासरी १३.४ टक्के लोकांना 'फ्रोजन शोल्डर', म्हणजे आखडलेला खांदा, असल्याचं त्यात दिसलं. मधुमेह नसलेल्यांच्या तुलनेत हा धोका सुमारे पाचपट निघाला. उलट बाजूनं मोजलं तेव्हा आखडलेल्या खांद्याच्या रुग्णांपैकी साधारण ३० टक्क्यांना मधुमेह होता. मधुमेह म्हटलं की डोळे, किडनी आणि पाय सांभाळा असं सगळे सांगतात. त्या यादीत खांद्याचं नाव सहसा नसतं.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात ही बाब छोटी नाही. फवारणीचा पंप पाठीवर चढवायचा तर हात मागे न्यावा लागतो. उसाची मोळी डोक्यावर घ्यायची तर तो वर न्यावा लागतो. धार काढणं, भाकरी थापणं, मोटरसायकलचं हँडल धरणं ही सगळी कामं खांद्यावरच चालतात. ज्याचं पोट हातावर आहे, त्याचा एक हात वर्ष-दीड वर्ष अर्धाच चालणार असेल तर तो प्रश्न नुसत्या दुखण्याचा राहत नाही.

खांद्यात नेमकं बिघडतं काय?

खांदा हा शरीरातला सर्वात मोकळा सांधा आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडावरच्या एका उथळ खोबणीत फिरतो. पसरट बशीत चेंडू ठेवावा, तशी ही रचना. त्यामुळे हात चहूबाजूंनी फिरतो, पण चेंडू बशीतून घसरू नये म्हणून भोवती एक लवचिक आवरण लागतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. हात खाली असताना या आवरणाला काखेच्या बाजूला चुण्या पडलेल्या असतात आणि हात वर गेला की त्या चुण्या उलगडतात. परकराला घेर ठेवतात तो चालताना अडचण होऊ नये म्हणून. इथंही तसंच आहे.

फ्रोजन शोल्डरमध्ये आधी या आवरणाला सूज येते. नंतर ते जाड होतं आणि आकसतं. घेर संपतो. निरोगी सांध्यात जेवढा द्रव मावतो, त्याच्या निम्म्याहूनही कमी जागा उरते. अनेक रुग्णांत ती १० मिलिलिटरच्याही खाली गेलेली आढळते. हाडं जागच्या जागी असतात, त्यांची झीज झालेली नसते. म्हणून एक्स-रे साफ येतो आणि घरचे म्हणतात, 'फोटोत तर काहीच नाही, उगाच करतेय.'

हा आजार नवा नाही. फ्रेंच सर्जन दुप्ले यांनी १८७२ मध्ये त्याचं वर्णन केलं होतं. 'फ्रोजन शोल्डर' हे नाव बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं आणि दोष आवरणातच आहे, हे ज्युलियस नेव्हियासर यांनी १९४५ मध्ये दाखवलं. जपानमध्ये तर बोलीभाषेत त्याला 'गोजुकाता' म्हणतात, म्हणजे 'पन्नाशीचा खांदा'. नाव नेमकं आहे. ४० ते ६० या वयात हा आजार सर्वाधिक दिसतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये थोडा जास्त.

मग साखर मध्ये कुठे आली?

याचं उत्तर समजायला भूम तालुक्यातली खव्याची भट्टी उपयोगी पडते. हा भाग खव्यासाठी आणि कुंथलगिरीच्या पेढ्यासाठी प्रसिद्ध आहे. पांढरं दूध आटत जातं तसा त्याचा रंग तांबूस होतो आणि खरपूस वास सुटतो. दुधातली साखर तापल्यावर दुधातल्याच प्रथिनांना चिकटते, म्हणून हे घडतं. भाकरीवर पडणारे तपकिरी डागही त्याच जातीचे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल माय्यार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते.

तीच क्रिया माणसाच्या शरीरातही चालते. आच ३७ अंशांचीच असल्यानं ती अतिशय सावकाश होते, एवढाच फरक. रक्तातली साखर प्रथिनांना चिकटते, आणि साखर जितकी जास्त व जितका काळ जास्त, तितकी ती अधिक चिकटते. मधुमेहाची 'तीन महिन्यांची सरासरी' सांगणारी एचबीए१सी चाचणी नेमकी हीच गोष्ट मोजते. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, त्याची ती टक्केवारी असते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हिशेब तीन महिन्यांचा.

खांद्याच्या आवरणात मात्र हिमोग्लोबिन नसतं, कोलॅजन असतं. कोलॅजन म्हणजे दोरीसारखे पीळ असलेलं प्रथिन. त्वचा, कंडरा आणि सांध्यांची आवरणं यांना बळकटी देणारं हेच. ते हिमोग्लोबिनसारखं चार महिन्यांत बदललं जात नाही. त्वचेतल्या कोलॅजनपैकी निम्मं बदलायला सुमारे १५ वर्षं लागतात, असं मोजमाप आहे. म्हणजे एकदा चिकटलेली साखर तिथं वर्षानुवर्षं राहते, पुढं तिचं रूप बदलतं आणि कोलॅजनच्या शेजारशेजारच्या दोऱ्यांमध्ये टाके पडतात. सुट्या दोऱ्या एकमेकींवरून घसरतात, टाके पडलेल्या घसरत नाहीत. आवरण ताठर होतं. त्यात सूज आली की दुरुस्तीसाठी येणाऱ्या पेशी आणखी कोलॅजन विणतात आणि आवरण आवळत नेतात. जखमेचा व्रण आकसतो, तसंच हे.

रुग्णांचा एक नेहमीचा प्रश्न यातून सुटतो: 'आता माझी शुगर नॉर्मल आहे, मग खांदा का मोकळा होत नाही?' एचबीए१सी गेल्या तीन महिन्यांची गोष्ट सांगतो. खांद्यात मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांचा हिशेब जमा असतो. मधुमेह जितका जुना, तितका आखडलेल्या खांद्याचा धोका वाढतो, असं आढळतं ते याचमुळे. बऱ्याच वर्षांपासून इन्सुलिन घेणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त चिवट निघतो. यात दोष इन्सुलिनचा नाही. इन्सुलिनपर्यंत वेळ येते तेव्हा मधुमेह बहुधा जुना झालेला असतो.

ही सगळी गोष्ट खांद्यापुरतीच नाही. तळहाताच्या कंडरा, बोटांचे सांधे इथंही तेच टाके पडतात. त्याची एक साधी खूण आहे आणि ती पाहायला यंत्र लागत नाही. छातीसमोर नमस्कार करा. दोन्ही तळवे आणि बोटं एकमेकांना पूर्ण टेकली पाहिजेत. जुना मधुमेह असलेल्या काहींच्या बोटांमध्ये फट राहते, कितीही दाबलं तरी ती मिटत नाही. वैद्यकशास्त्रातही या खुणेला प्रार्थनेचंच नाव आहे. तुळजापूरच्या रांगेत रोज हजारो हात जोडले जातात. त्यांतले किती पूर्ण जुळतात, हे कुणी पाहत नाही.

'आमच्यात कुणी जाड नाही, शुगर कशी असेल?'

मराठवाड्याच्या खेड्यात हा प्रश्न हमखास येतो. राबणारा, सडपातळ माणूस आणि मधुमेह, हे गणित पटत नाही. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं आयुष्यभराचं काम याच गणितावर आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. भारतीय बाळ वजनानं कमी असलं तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण तुलनेनं जास्त असतं, हे त्यातून पुढं आलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगकाठी बघून शुगरचा अंदाज बांधू नये, याला याहून सोपा पुरावा सापडणार नाही.

देशाचे आकडेही बोलके आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' पाहणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

ओळखायचं कसं?

दुखरा प्रत्येक खांदा आखडलेला नसतो. स्नायूची कंडरा फाटली असेल तर स्वतःहून हात वर जात नाही, पण दुसऱ्यानं उचलला तर बहुधा जातो. फ्रोजन शोल्डरमध्ये दुसऱ्यानं उचलला तरी हात ठरावीक जागेपलीकडे जात नाही, कारण आवरणच आवळलेलं असतं.

सर्वांत आधी जाते ती हात बाहेरच्या बाजूला फिरवण्याची हालचाल. दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवा आणि दाराची दोन कवाडं उघडावीत तसे दोन्ही हात बाहेर उघडा. एक कवाड अर्ध्यातच अडलं तर डॉक्टरांना दाखवण्याइतकं कारण मिळालं. पुढचा निर्णय डॉक्टरांचा. एक्स-रे काढतात तो संधिवात, कॅल्शियमचे साठे, जुनं फ्रॅक्चर अशी इतर कारणं वगळण्यासाठी. थायरॉइडचा आजारही फ्रोजन शोल्डरशी जोडलेला आहे, म्हणून साखरेबरोबर काही वेळा त्याचीही तपासणी सांगितली जाते. खांदा आखडला आहे आणि शुगर कधीच तपासलेली नाही, अशा माणसानं ती तपासून घ्यावी. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. अशी नोंद आली की सहसा पुन्हा तपासून खात्री केली जाते.

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. डाव्या खांद्यात अचानक कळ आली, सोबत घाम, दम, मळमळ किंवा छातीवर दाब असेल आणि हात हलवण्याशी त्या कळेचा संबंध नसेल, तर तो खांद्याचा आजार समजून घरी बसायचं नाही. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा झटका कधी कधी छातीत फारसं न दुखताही येतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचं.

आपोआप बरा होतो, हे खरं का?

अर्धं खरं. आजाराचे तीन टप्पे सांगतात. पहिले काही महिने दुखणं वाढत जातं, रात्री विशेष. नंतर दुखणं उतरतं पण खांदा जखडलेला राहतो. शेवटी तो हळूहळू सुटू लागतो. हे सगळं व्हायला एक ते तीन वर्षं लागू शकतात. मात्र 'पूर्ण सुटतो' हे सर्वांबाबत खरं नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६२ रुग्णांचा सरासरी सात वर्षं पाठपुरावा केला होता. निम्म्या रुग्णांना तेव्हाही थोडं दुखणं किंवा ताठरपणा होता. मधुमेहींमध्ये सुटण्याचा वेग आणखी कमी असतो. शिवाय एक खांदा सुटत आला की दुसरा धरतो, असंही त्यांच्यात जास्त घडतं.

इंजेक्शन घ्यावं का?

या प्रश्नावर गावोगावी दोन टोकं दिसतात. एकाला पहिल्या दिवशीच इंजेक्शन हवं असतं, दुसऱ्याला 'इंजेक्शननं सांधा खराब होतो' म्हणून मरेपर्यंत नको असतं. सांध्यात दिलं जाणारं स्टेरॉइड सूज उतरवतं. दुखण्याच्या पहिल्या टप्प्यात त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो आणि दुखणं कमी झालं की व्यायाम करता येतो, हा त्याचा खरा फायदा. पण मधुमेह असलेल्यांची साखर त्यानंतर काही दिवस, कधी आठवडाभर वर जाते. म्हणून आपल्याला शुगर आहे हे सुई टोचण्यापूर्वी सांगायचं, आणि पुढचे काही दिवस साखर तपासत राहायचं. साखर आधीच फार चढलेली असेल तर डॉक्टर ती आधी खाली आणायला सांगू शकतात.

इंजेक्शनपेक्षा जास्त भीती वाटायला हवी ती बिननावाच्या पुड्यांची. सांधेदुखीवर 'गुण देणाऱ्या' काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं दोन दिवसांत थांबतं आणि साखर गुपचूप चढत राहते. दुखण्याच्या साध्या गोळ्याही मधुमेहींनी महिनोन्महिने स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. किडनीवर आधीच ताण असतो, त्यात भर पडते.

औषध-व्यायामानं भागलं नाही तर पुढचे उपाय आहेत: सांध्यात द्रव भरून आवरण ताणणं, भूल देऊन खांदा हलवून मोकळा करणं, किंवा दुर्बिणीतून आवरण कापून सोडवणं. यांपैकी श्रेष्ठ कोणता, हे तपासायला ब्रिटनमध्ये ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचा निकाल आला. फिजिओथेरपी आणि इंजेक्शन, भूल देऊन हलवणं, दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्हींची वर्षभरानं तुलना केली, तेव्हा कोणताही एक उपाय बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख मिळाली तर दुसरं मत घ्यायला हरकत नाही, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

जोर लावून हात 'सोडवून' घेतला तर?

नको. हाडवैद्यानं किंवा घरातल्या पैलवानानं हात धरून झटका देणं हा गावातला जुना उपाय आहे. ऐन सुजलेल्या आवरणाला ओढलं तर सूज वाढते. ठिसूळ हाडांच्या वयस्क व्यक्तीत हाड मोडण्याचाही धोका असतो. २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, कारण न सापडलेल्या फ्रोजन शोल्डरच्या ७७ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला वेदनेपलीकडे ताणून जोरदार फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला दुखणार नाही इतपतच हालचाल करू दिली. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातले ८९ टक्के रुग्ण जवळपास पूर्ववत झाले होते, पहिल्या गटातले ६३ टक्के. त्या निष्कर्षाला मर्यादा आहेत आणि मधुमेहींना तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण 'जितकं दुखेल तितका गुण' या समजाला त्यानं चांगलाच धक्का दिला.

याचा अर्थ हात गळ्यात बांधून बसावं, असाही नाही. हलवला नाही तर आवरण आणखी आवळतं. पुढं वाकून हात सैल सोडायचा आणि विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा तो हळू डोलवायचा. भिंतीवर बोटं चालवत रोज थोडं वर जायचं, आणि कालची खूण पेन्सिलीनं करून ठेवायची. पाठीमागे टॉवेल किंवा उपरणं दोन्ही हातांनी धरून चांगल्या हातानं दुखरा हात सावकाश वर ओढायचा. ताण जाणवला पाहिजे. मात्र व्यायामानंतर बराच वेळ ठणकत राहिलं तर जोर जास्त झाला, असं समजून दुसऱ्या दिवशी कमी करायचं. दिवसातून एकदा अर्धा तास घाम गाळण्यापेक्षा चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटं बरी. शेक घेताना वीट किंवा मिठाची पुरचुंडी फार तापवू नये. जुन्या मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही.

कुठे दाखवायचं?

परंड्याचा माणूस खांदा घेऊन बार्शी गाठतो, उमरग्याचा सोलापूर, कळंबचा लातूर. फिजिओथेरपी एका खेपेत होत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. सोयाबीनच्या काढणीत एवढ्या खेपा कुणालाच जमत नाहीत, आणि उपचार अर्ध्यात सुटतात ते बहुधा इथं. व्यवहाराचा मार्ग असा: पहिल्या भेटीत फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम नीट शिकून घ्यायचे, मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढून घ्यायचा, घरी रोज करायचे आणि दोन-तीन आठवड्यांनी प्रगती दाखवायला जायचं.

साखर तपासायला तर जिल्ह्याबाहेर जायची गरजच नाही. तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहे. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होते. गावातल्या आशाताईंना वार विचारून घ्या. बोटाच्या टोकाचं रक्त लागतं. साखर जास्त निघाली तर खात्रीची तपासणी आणि अस्थिरोगतज्ज्ञांची भेट ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयामार्फत पुढं ठरते. धाराशिव शहरात २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. जाताना आधीचे शुगरचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि काढले असतील तर एक्स-रे सोबत न्यावेत. खांदा कधीपासून धरला, तो महिनाही लिहून न्यावा. आजार कोणत्या टप्प्यावर आहे, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात.